आंधळा डाव

भिंतीवरची दिनदर्शिका कुणीतरी काढून नेली होती. नुसता खिळा उरला होता. डॉ. विशाखा मेंढेकरने त्या खिळ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"या प्रयोगशाळेत एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!" ती स्वतःशीच पुटपुटली.

रविवारची सकाळ होती. नागपूरच्या मज्जायंत्र प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. बाहेर आत्ताच डांबर मऊ व्हायला लागलं होतं. थोड्या वेळात तापबंदीचा भोंगा झाला, की संध्याकाळपर्यंत रस्त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. शहराला आता या बंदीची सवय झाली होती. लोक सकाळीच कुणाकडे तरी जाऊन बसत आणि दिवस मावळताना सुटत.

कपाटाच्या किल्ल्यांसाठी तिने पर्समध्ये हात घातला. आतल्या कप्प्यात काहीतरी खुळखुळलं. हे काय आणि कधी ठेवलं, म्हणून ती चेन उघडणार, तेवढ्यात दारात पुरुषोत्तम खानझोडे उभा दिसला आणि तो कप्पा तसाच राहून गेला.

पुरुषोत्तम गणिती होता. विशाखाने यंत्र बांधलं आणि त्या यंत्राला शिकवायचं कसं, ते याने ठरवलं. कॉलेजपासूनची दोस्ती. एरवी हा माणूस आल्या आल्या कुणाची तरी टिंगल करायचा. आज मात्र तो खुर्ची ओढून गप्प बसला.

"काय रे, चेहरा का असा एरंडेल प्यायल्यासारखा?"

"दिगंबरची चाचणी घ्यावी लागणार, विशू. आज."

विशाखाच्या हातातल्या किल्ल्या टेबलावर पडल्या. दिगंबर घाटे त्यांचा तिसरा दोस्त. पूल बांधणारा इंजिनियर, मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. पाच वर्षांपूर्वी त्याला मज्जाक्षय झाला आणि विशाखाने स्वतःच्या हाताने त्याच्या कवटीखाली प्रतिमन बसवलं. त्या दिवशी ती ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन ढसाढसा रडली होती.

"इतक्यात?" ती म्हणाली. "अरे, पण मागच्या आठवड्यात तर चांगला बोलत होता!"

"प्रतिमन असलेला माणूस नेहमीच चांगला बोलतो. तूच सांगतेस ना? सांग बघू पुन्हा, पहिल्यापासून. माझ्या डोक्यात सगळं नीट लागू दे."

"तुला काय सांगायचं? गणित तुझं!"

"सांग तरी."

विशाखाने सुस्कारा सोडला. समजावून सांगायचा तिला मनापासून नाद होता, आणि ते पुरुषोत्तमला पक्कं ठाऊक होतं.

"मज्जाक्षयात मेंदूच्या पेशी एकेक करून मरतात. प्रतिमन म्हणजे केसाहून बारीक तारांची जाळी. आधी ती नुसती ऐकते. हा माणूस कशाला हसतो, कशाला चिडतो, दोन वाटा असल्या तर कुठली धरतो, हे जिवंत पेशींकडून शिकते. पुढे एखादी पेशी उत्तर देईनाशी झाली, की तिच्या जागी जाळी उत्तर देते. त्या माणसाने बहुतेक जे केलं असतं, तेच. आणि त्याला स्वतःला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. त्याला वाटतं, आपणच ठरवलं."

"मेंदूचं चित्र काढून बघता येणार नाही?"

"डोक्यात धातूची जाळी असताना? चित्रात नुसता पांढरा गोळा येईल."

"आणि नवीन शिकणं?"

"ते नाही. दिवसभरात जे घडतं, ते जाळीच्या दिनपाटीवर राहतं. रात्री झोपेत जिवंत पेशी त्यातलं हवं ते उचलतात आणि पाटी पुसली जाते. उचलायला पेशीच नसतील, तर सकाळी..."

"...कोरी पाटी," पुरुषोत्तमने वाक्य पुरं केलं.

"हो. पण स्मरण गेलं म्हणजे माणूस गेला असं नाही. निवड करणारा भाग उरलाय का, ते महत्त्वाचं. ते ओळखायची एकच युक्ती आहे. जिवंत मेंदू लहरी असतो. कशालाच आधार नसेल, तेव्हा तो आज एक करेल आणि उद्या दुसरं. प्रतिमनाला लहर नाही. परिस्थिती तीच असेल, तर त्याचं उत्तरही दर वेळी तेच. फक्त ज्याची चाचणी आहे, त्याला ती कळता कामा नये. कळलं, की परिस्थिती बदलली."

पुरुषोत्तम खाली बघत होता. "म्हणून आंधळा डाव," तो म्हणाला.

आंधळा डाव ही त्यांच्या घोळक्याची जुनी रीत. तापबंदी सुरू झाली त्या पहिल्या उन्हाळ्यापासून दर रविवारी दिगंबरच्या घरी तीन पत्ती चाले. पैशांवर कधीच नाही, चिंचोक्यांवर. संध्याकाळी बंदी उठायच्या जरा आधी इशाऱ्याचा छोटा भोंगा होई. तो झाला की शेवटचा डाव वाटायचा. त्या डावात कुणीही आपले पत्ते उचलून बघायचे नाहीत. पाळी आली की चिंचोके सरकवायचे, नाहीतर पत्ते टाकायचे. मोठा भोंगा झाला की उरलेल्यांनी पत्ते उलटायचे. हातात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे या डावात हुशारी चालत नसे. माणूस उघडा पडे तो इथेच.

"मी हिशेब केलाय," पुरुषोत्तम म्हणाला. "तुम्ही दोघंच उरलात आणि तू रेटत राहिलीस, तर दिगंबरचं प्रतिमन तिसऱ्या पाळीला पत्ते टाकेल. दर वेळी. खुद्द दिगंबर असेल, तर सांगता येत नाही."

विशाखाने पर्स जवळ ओढून घेतली. तिच्या पर्समध्ये दिगंबरची विरामकळ होती, काडेपेटीएवढी. ती दाबली की त्याचं प्रतिमन कायमचं थांबणार होतं. श्वास चालू राहिला असता, बाकी काही नाही. "ज्या दिवशी माझ्यात मी उरणार नाही, त्या दिवशी दाबून टाक. सुनीतीला माझ्या बाहुलीबरोबर संसार करायला लावू नकोस," असं त्याने तिचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं. आणि बदल्यात विशाखाची कळ त्याने आपल्याकडे ठेवून घेतली होती. कारण पहिली जाळी तिने स्वतःच्याच डोक्यात बसवली होती. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावण्याआधी आपलं पुढे करावं, हा तिचा हेका. तिची जाळी गेली आठ वर्षं नुसती ऐकत होती. निरोगी मेंदूचा नमुना म्हणून.

"चल," ती उठली. "भोंगा व्हायच्या आत पोचू."

"गाडी मी चालवतो," पुरुषोत्तम घाईने म्हणाला.

* * *

दिगंबरच्या दिवाणखान्यात कूलर घरघरत होता. खिडक्यांना जाड पडदे होते. दिगंबरने दार उघडलं आणि विशाखाला बघून त्याचा चेहरा उजळला, मग का कोण जाणे, एकदम उतरला.

"ये विशू. काहून एवढा उशीर?"

"उशीर कुठला? भोंगा तरी झालाय का?"

सुनीती, त्याची बायको, पन्ह्याचे पेले घेऊन आली. विशाखाच्या घशाला कोरड पडली होती, पण तिने अजून मागितलंही नव्हतं. एक घोट घेतला तर बेताचं गोड आणि मीठ जरा जास्त, अगदी तिच्या जिभेला हवं तसं.

"सुनीती, तुला मनातलं कळतं गं!"

सुनीती हसली नाही. "विशाखाताई, तुम्ही आपल्या नेहमीच्या जागी बसा," एवढंच म्हणाली.

दिवस सरता सरेना. डावामागून डाव झाले. विशाखा पत्त्यांकडे कमी आणि दिगंबरच्या हातांकडे जास्त बघत होती. बोटं थरथरत होती, पण ते दुखण्याचं. एकदा त्याने पुलाखालच्या मगरीचा किस्सा सांगितला. तो किस्सा तिने शंभरदा ऐकला असेल, तरी तिला हुंदका आला. किस्सा तोच, थांबायच्या जागाही त्याच. हा दिगू बोलतोय, की जाळी? आपण इथे त्याच्या घरचं पन्हं पितोय आणि पर्समध्ये त्याचं मरण घेऊन बसलोय! तिला स्वतःची किळस आली.

"चिंचोके कमी पडायला लागलेत," सुनीती डबा हलवत म्हणाली. "कुठे जातात देव जाणे. या वेळी शर्टाची बटणं मिसळलीत थोडी."

पुरुषोत्तमने तिच्याकडे पाहिलं आणि पत्ते पिसायला घेतले.

छोटा भोंगा झाला.

शेवटचा डाव वाटला गेला. प्रत्येकापुढे तीन पत्ते पालथे पडले. सुनीतीने पहिल्याच पाळीला टाकले. पुरुषोत्तमने एकदा चिंचोके सरकवले आणि मग तोही मागे टेकून बसला. उरले दोघं.

विशाखाने मूठभर सरकवले. दिगंबरने तेवढेच. तिने पुन्हा सरकवले, त्यानेही. आता तिसरी पाळी. तिने ओंजळ भरून मध्ये ओतली आणि टेबलाखाली मुठी आवळल्या. टाकू नकोस, दिगू. तुला माझी शपथ आहे, टाकू नकोस रे!

दिगंबर तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्याने आपला अख्खा ढीग दोन्ही हातांनी पुढे लोटला. दोन बटणं घरंगळत खाली गेली.

"सगळे," तो म्हणाला. "बोल आता."

विशाखाच्या छातीवरची धोंड उतरली. आहे! हा आहे! गणित चुकलं, दिगू आपल्या जागेवर आहे! तिला उठून नाचावंसं वाटलं. कळ पर्समध्येच राहणार होती. पुढचा रविवार होता, त्याच्या पुढचाही होता.

पण पाळी आता तिची होती. सगळे तिच्याकडे बघत होते.

तिच्यापुढे त्याच्याइतकाच ढीग होता. सरकवावा, की पत्ते टाकावेत? सरकवला, तर मोठा भोंगा होईल, पत्ते उलटतील आणि दोघांतला एक हरेल. दिगू हरला तर? त्याची बोटं बघा कशी थरथरतायत. एवढा एक डाव त्याला जिंकू द्यावा. छे! दया दाखवलेली त्याला मुळीच खपत नाही, कळलं तर चार दिवस बोलणार नाही. शिवाय ती सहजासहजी कुणाला सोडणारी नव्हती. कॉलेजात तिला सगळे लहरी म्हणायचे. कधी कवडीही सोडायची नाही, कधी सगळं उधळून द्यायची. आज काय करावं? तिने एक बोट ढिगाला लावलं. मागे घेतलं. समोर दिगंबर श्वास रोखून बसला होता, जणू त्याचाच जीव टांगणीला लागला होता.

असू दे. जिंकू दे त्याला. आज तो जिवंत आहे, आणखी काय हवं? एवढा आनंद झाल्यावर माणूस चिंचोक्यांसाठी भांडतो का?

तिने तिन्ही पत्ते उचलले आणि मध्ये टाकले.

"घे रे बाबा, तुझाच," ती हसत म्हणाली.

कुणी हसलं नाही. सुनीतीने पदराने तोंड झाकलं. दिगंबरचा रोखलेला श्वास सुटला आणि त्याचं डोकं छातीवर झुकलं. ढीगभर चिंचोके जिंकलेला माणूस असा का बसला?

"काय झालं?" विशाखाने विचारलं. "पुरू, अरे त्याने टाकले नाहीत! तुझा हिशेब चुकला. सांग ना त्यांना!"

पुरुषोत्तम तिच्याकडे बघत होता. त्या नजरेवरून तिला एकाएकी जाणवलं, की संबंध दिवसात त्याने दिगंबरकडे एकदाही निरखून पाहिलं नव्हतं.

विशाखा शास्त्रज्ञ होती. तिला फार वेळ लागला नाही. भिंतीवरचा खिळा. मागण्याआधी आलेलं पन्हं. गाडी मी चालवतो. ज्याची चाचणी, त्याला कळता कामा नये.

"चाचणी माझी होती," ती म्हणाली.

"हो," पुरुषोत्तम म्हणाला.

"माझी जाळी नुसती ऐकत होती."

"पेशी उत्तर देईनाशी झाली, की ती आपणहून उत्तर द्यायला लागते. तूच तशी बांधलीस. ती सोय तू स्वतःच्या जाळीत बंद केली नव्हतीस. तुला मज्जाक्षय कधी सुरू झाला, ते कुणालाच कळलं नाही. तुलासुद्धा. एक दिवस तू मला आदल्या दिवशीचं सगळं बोलणं जसंच्या तसं पुन्हा ऐकवलंस, तेव्हा मी हादरलो."

"स्मरण गेलं. पण निवड..."

"...उरली असेल, म्हणून दिगू हट्ट धरून बसलाय. गोष्ट तीच सांगायची, जागा तीच, पन्हं तेच. एकदा, फक्त एकदा जरी तू चिंचोके पुढे सरकवलेस, तरी तू आहेस असं मानायचं. विशू, तू दर वेळी ढिगाला एक बोट लावतेस, मागे घेतेस आणि म्हणतेस, घे रे बाबा, तुझाच."

कूलर घरघरत होता. विशाखाने आपल्या बोटाकडे पाहिलं. ती माया, तो आनंद, ती छातीवरून उतरलेली धोंड, सगळं इतकं आतून आलं होतं! याहून खरं माणसाला आणखी काय वाटतं? पण असं वाटतं हा पुरावा नव्हेच, हे तिनेच सकाळी सांगितलं होतं.

"किती रविवार?" तिने विचारलं.

"मोजायचं सोडलं," सुनीती पदराआडून म्हणाली.

"दिगू, माझी कळ तुझ्याकडे आहे ना?"

दिगंबरने मान हलवली.

"मग दाब. आपलं ठरलं होतं. मी असते, तर मीच..." बोलता बोलता तिचं लक्ष सुनीतीकडे गेलं. सुनीतीचे ओठ हलत होते. तिच्याच शब्दांबरोबर, एकही शब्द न चुकता.

"मला नाही होत," दिगंबर म्हणाला. त्याचा मोठा आवाज पार बसला होता. "तू दाब म्हणतेस, पण म्हणतेय कोण? जाळीच ना? आणि समजा दाबली. मग माझी कोण दाबणार? मी तुझ्या भरवशावर होतो, विशू. तू मला वचन दिलंस, आणि ते तुझ्या आठवणीत आहे, पण पाळायला तूच नाहीस. मी बाहुली होईन, तेव्हा हे दोघं मला असेच दर रविवारी बसवतील. सुनीती माझ्यासाठीही पन्हं करेल."

सुनीती उठून आत निघून गेली.

आपण असं काही बोलावं, जे इथे कधीच बोललं गेलं नाही, असं विशाखाला फार वाटलं. तिने शोधलं. शिवी द्यावी? हसावं? टेबल उलथून टाकावं? जे सुचे, ते सुचलं म्हणूनच संशयाचं होई. ती गप्प बसली. निदान हे तरी नवीन असेल, म्हणून तिने पुरुषोत्तमकडे पाहिलं.

त्याने नजर चुकवली. "इथे तू गप्प होतेस," तो हळूच म्हणाला.

मोठा भोंगा झाला. तापबंदी उठली. शेजारीपाजारी दारं उघडल्याचे आवाज आले, खाली पोरांचा गलका सुरू झाला. दिगंबरने तिचे तीन पत्ते उलटून बघितले नाहीत. तसेच गड्डीत मिसळून टाकले.

"पुढच्या रविवारी बघू," तो म्हणाला.

"आज झोपले, की हे सगळं पुसलं जाणार?" विशाखाने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"हो. उद्या तू नेहमीसारखी खुशीत उठशील," पुरुषोत्तम म्हणाला. "मी गाडी काढतो."

तो आणि दिगंबर बाहेर गेले. खोलीत ती एकटीच उरली. टेबलावर चिंचोक्यांचा ढीग पडला होता. आणि तेव्हा तिला सुचलं. पाटी पुसली जाईल, पण पर्स थोडीच पुसली जाणार? एक चिंचोका आतल्या कप्प्यात टाकायचा. उद्या नाहीतर परवा तो हाताला लागेल, हा इथे कुठून आला म्हणून आपण विचार करू, धागा धरून मागे येऊ आणि पुढच्या रविवारी पाळी आली, की सगळा ढीग पुढे लोटू. आपण आहोत, हे त्यांना दाखवून देऊ. तिच्या काळजात आशेची धडधड सुरू झाली. हे कुणालाही दिसलेलं नव्हतं. हे फक्त तिचं होतं.

दाराकडे एक नजर टाकून तिने ढिगातला एक चिंचोका पटकन उचलला, पर्स उघडली, आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि बोटं आत घातली.

कप्पा चिंचोक्यांनी भरलेला होता.

बाहेर पुरुषोत्तमने हॉर्न वाजवला. तिने हातातला चिंचोकाही त्यांच्यात टाकला आणि चेन लावून घेतली.